मेहरुनआपाची सीट

मेहरुनआपा "सीट हाय" म्हणाली की माणसाने निमूट घरी जाऊन बॅग भरायला घ्यावी. ती "आशा हाय" म्हणाली तर मात्र घरात कोणाला काही बोलू नये. रोह्याच्या बाजारातल्या तिच्या एवढ्याशा ऑफिसात या दोनच तऱ्हेची उत्तरं मिळत. "बघूया", "करतो काहीतरी", "उद्या या" हा आमच्या बाजारात सगळीकडे मुबलक मिळणारा माल तिने कधी ठेवलाच नाही. त्यामुळे सुरुवातीला लोकांना ती उद्धट वाटे. एकदा विमानात बसून परत आले की तेच लोक तिच्यासाठी तिकडून अत्तराची बाटली आणत.

ही नव्वदनंतरची गोष्ट. माझा एसटीडी बूथ आपाच्या ऑफिसाला लागून होता. मध्ये प्लायवूडची भिंत, आणि तीही वरपर्यंत गेलेली नव्हती. आपाचा स्वतःचा फोन पावसाळ्यात मुका आणि उन्हाळ्यात बहिरा, म्हणून तिचा सगळा कारभार माझ्या बूथमधून चाले. पुढे मी फॅक्सचं यंत्र घेतलं तेही तिच्याच जिवावर. माझ्या धंद्यात माझी अक्कल किती आणि आपाची गिऱ्हाइकं किती, हा हिशेब मी कधी मांडला नाही.

आपा मूळची शिवणकाम करणारी. आखाताला निघालेल्या लोकांच्या सामानाला ती कापडी गलेफ शिवून द्यायची. लोक विचारायचे, "आपा, एवढं चालंल का विमानात?" तिला उत्तर द्यावं लागायचं, म्हणून ती माहिती काढायची. असं करता करता एक दिवस तिने शिलाई मशीन मागच्या खोलीत ढकललं आणि दारावर "विमानाची तिकिटे मिळतील" अशी मराठी आणि उर्दू पाटी लावली. शिंप्याचा टेप मात्र गळ्यात तसाच राहिला. त्या टेपने ती बॅगा मोजायची, आंब्याच्या पेट्या मोजायची, आणि एकदा तर एका नवरदेवाच्या आजीला व्हीलचेअरमध्ये नीट बसता येईल का, हे तिने आजीला उभं करून मोजलं होतं. आजी म्हणाली, "झंपर शिवतेस का गो माजा?" आपा म्हणाली, "व्हय आजी, विमानाएवढा."

खाडीकडचा एक तरुण सोड्यांचं मोठं गाठोडं घेऊन आला होता तो प्रसंग मला आठवतो. सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबी. वासाने माझ्या बूथमधला माणूस फोन अर्धवट सोडून बाहेर आला. आपाने गाठोडं उघडून पाहिलं, बांधलं, आणि शांतपणे म्हणाली, "अरे बाबा, तिकडं उतरल्यावर तुझ्याआधी तुझा वास बाहेर पडंल. पोलीस त्यालाच आधी विचारतील, पासपोर्ट कुठाय?" मग तिने स्वतः ते सोडे मागच्या खोलीत नेऊन डब्यात भरले, डबा मेणाने बंद केला आणि त्याच्या गोधडीत शिवून टाकला. त्याचे पैसे घेतले नाहीत. शिव्या मात्र भरपूर दिल्या.

विमानाबद्दल तिला इतकं कुठून कळायचं, याचं उत्तर प्लायवूडच्या भिंतीपलीकडून माझ्या कानावर पडत असे. तिचे यजमान युसुफभाई आखातातल्या एका विमानतळावर मालाची चढउतार करणाऱ्या टोळीचे मुकादम होते. दोन-तीन वर्षांतून एकदा सुट्टीवर यायचे. मधल्या काळात पत्रं नाहीत, कॅसेटी यायच्या. गावचा कोणी येणारा असला की त्याच्या हाती युसुफभाई आपला आवाज भरून पाठवत, आणि जाणाऱ्याच्या हाती आपाची कॅसेट तिकडे जाई. आपा दुपारी गिऱ्हाईक नसताना टेपरेकॉर्डर लावून बसायची. मी नवीन होतो तेव्हा मला संकोच वाटे. नवराबायकोचं बोलणं आपण ऐकू नये म्हणून मी रेडिओ मोठा करायचो. एक दिवस वीज गेली, टेपरेकॉर्डर सेलवर चालू राहिला आणि मला ऐकावंच लागलं. युसुफभाई सांगत होते: "मेहरुन, सलाम. तबियत ठीक हाय. तर ते मोठं विमान आलंय ना, त्याच्या पोटाला दोन दारं हायत. पुढच्या दारातून उभं कपाट जातं. मागच्या दारात मात्र पेटी तिरकी घालायला लागते." असं तासभर. शेवटी "खुदा हाफिज, जेवत जा." आपाने कॅसेट उलटी फिरवली आणि दाराचं माप पुन्हा ऐकलं.

मी न राहवून विचारलं, "आपा, भाई नेहमी असंच बोलतात?"

"मग काय बोलायला पायजे?"

"नाही, म्हणजे घरचं, आठवण वगैरे."

ती हसली. "माणूस काय बोलतो ते बघू नको रे नंदू. दमून आल्यावर कोणाला बोलतो ते बघ."

तिकडे जाणाऱ्या विमानांच्या तेव्हा दोन कंपन्या होत्या. त्यांची खरी नावं इंग्रजी-अरबी, लांबलचक. आमच्याकडे कोणाच्या जिभेवर बसली नाहीत. आपाने एकीचं नाव ठेवलं होतं हिरवी आणि दुसरीचं निळी, शेपटीच्या रंगावरून. युसुफभाई निळीत होते. "हिरवीनं जाणार का निळीनं?" हे रोह्यातल्या म्हातारीकोतारीलाही कळे. या दोघींची मुंबईत ऑफिसं होती आणि आपा या दोन ऑफिसांना माझ्या बूथमधून ज्या तऱ्हेने नाचवायची, ते बघायला मी चहा मागवून बसायचो. आधी हिरवीला फोन. "साहेब, निळीवाले बाळंतिणीला पुढची सीट देतायत आणि एक बॅग जादा. मी काय करू, तिकडं देऊ का पार्टी?" हिरवीवाला कबूल व्हायचा. मग निळीला फोन. "साहेब, हिरवीनं बॅग दिली, सीट दिली, वर मुंबईला विमान चुकलं तर राहायची सोय पण करते म्हणाली." निळीवाला उसासा टाकून आणखी काहीतरी पदरात टाकायचा. ती खोटं बोलायची नाही. जे मिळालं असेल तेवढंच सांगायची. फक्त सांगण्याचा क्रम तिचा असायचा. बाळंतिणी, म्हातारे आईबाप, पहिल्यांदा निघालेली भेदरलेली पोरं, यांची सोय या दोन कंपन्यांच्या चढाओढीतून आपाने काढून दिली. कंपन्यांना वाटे आपण गिऱ्हाईक मिळवलं. मला त्या बाईचं कौतुक वाटायचं ते तेव्हापासून.

मग एके सकाळी मी पेपरात वाचलं की त्या दोन कंपन्या एक झाल्या. मी आपला आनंदाने बातमी द्यायला गेलो. "आपा, पेढे द्या. दोन्हींची मिळून एक मोठी कंपनी झाली. आता सोयच सोय."

आपा टेपाला गाठ मारत बसली होती. म्हणाली, "रोह्याहून कोलाडला टेम्पोवाल्यांचे दोन गट होते, आठवतं?"

"आठवतं की. घरापर्यंत न्यायला यायचे. हाताला धरून बसवायचे."

"आणि त्यांची युनियन एक झाली तेव्हा?"

"तेव्हापासून टेम्पो भरल्याशिवाय हलवत नाहीत."

"मग पेढे कसले मागतोस?"

तिने बूथमध्ये येऊन हिरवीचा नंबर फिरवला. बोलली. ठेवला. मग निळीचा फिरवला. पलीकडून आवाज आला आणि तिने रिसीव्हर माझ्या कानाला लावला. तोच माणूस होता! तोच घसा, तेच "यस मॅडम". आपा म्हणाली, "आता कोणाला सांगू, की तो दुसरा जादा देतोय?" ती हसत होती, पण त्या दिवशी तिने तिसरा फोन केला नाही.

पुढच्या महिन्यांत जे झालं ते मला तिनेच समजावून सांगितलं, नाहीतर माझ्यासारख्या कॉमर्सच्या माणसालाही ते कळलं नसतं. निळीकडे मोठी विमानं होती, पण भाड्याची. नव्या कंपनीने ती मालकाला परत करून टाकली. हिरवीची लहान विमानं तेवढी ठेवली. सगळी एकाच जातीची विमानं असली की कारागीर एकाच जातीचे लागतात, सुटे भाग एकाच जातीचे लागतात. "ह्यात त्यांचं चुकलं नाय," आपा म्हणायची. "आणि एक विमान बिघडलं तर दुसरं लगेच लावतात. आधी निळीचं बिघडलं की लोक तिकडं फरशीवर झोपायचे. जे बरं ते बरं बोलावं."

"मग लहान विमानं जास्त सोडायची ना," मी म्हणालो.

"कशाला सोडतील? मुंबईला विमानाला उतरायची-उडायची वेळ ठरवून मिळते. सरकार देतं. नवीन वेळ सहजी कोणाला मिळत नाय. ह्यांच्याकडं आता दोघींच्या मिळून वेळा हायत. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा रुमाल टाकून बसलेत. वेळ सोडली तर तिसरा कोणतरी येऊन बसंल. म्हणून वेळा धरल्या, आणि विमानं लहान केली."

रुमालाची गोष्ट मला पक्की कळली, कारण रोहा-पेण एसटीत माझा स्वतःचा रुमाल दोनदा चोरीला गेला होता.

आता त्या वर्षीची मुख्य गोष्ट. त्या वर्षी आपा स्वतः जाणार होती. अर्ध्या तालुक्याला विमानात बसवणारी ही बाई आजवर विमानात बसली नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवरा कुठल्या खोलीत राहतो, कुठल्या खिडकीतून बघतो, काय शिजवतो, यातलं तिने काही पाहिलं नव्हतं. साध्या मुकादमाला बायको बोलवायचा व्हिसा मिळणं तेव्हा महाकठीण. युसुफभाईंनी साहेब लोकांच्या मागे लागून तो कसाबसा मिळवला होता, तोही ठराविक मुदतीचा. आपाने आपली सीट दोन कंपन्या एक व्हायच्या आधीच धरून ठेवली होती. मी विचारलं, "तुमचं नक्की ना?" तेव्हा जन्मात पहिल्यांदा ती लाजून "सीट हाय" म्हणाली. बाजारातल्या सगळ्या बायका तिची नवी बॅग बघून गेल्या. तिला गलेफ शिवायला मशीन परत बाहेर आलं होतं.

त्याच सुमारास पेणचं प्रकरण उभं राहिलं. माझ्या बायकोचे मामा, वामनमामा, पेणला गणपतीचा कारखाना चालवायचे. आखातात आमच्याकडच्या कामगारांचं एक लहानसं मंडळ होतं. कंपनीच्या आवारातल्या हॉलमध्ये, कोणाला त्रास न देता, ते गणपती बसवायचे. दरवर्षी कोणीतरी मांडीवर घेऊन लहान मूर्ती न्यायचा. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच मोठी मूर्ती मागवली. त्यातले निम्मे आपाकडूनच गेलेले, त्यामुळे त्यांनी आपालाच विचारलं, "येईल ना?" आपाने युसुफभाईंच्या कॅसेटीतलं निळीच्या पुढच्या दाराचं माप मामांना कळवलं आणि मंडळाला जबान दिली: "येईल." मामांनी कागदाच्या लगद्याची हलकी मूर्ती त्या दारात बरोबर उभी बसेल अशी घडवली. मूर्ती झाली, आणि निळीची मोठी विमानं परत गेली.

नव्या कॅसेटीत युसुफभाई सांगत होते, "मेहरुन, आता सगळी लहान हायत. पोटात माणूस बसूनच सरकतो. उभी पेटी विसर." दुसऱ्या देशाच्या विमानांतून फिरवून पाठवायचं तर तेवढा वेळ राहिला नव्हता. आपाने दुसऱ्याच दिवशी दुकान बंद केलं. पॅसेंजर गाडीने आम्ही दोघं पेणला गेलो.

मामांचा कारखाना म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड. पावसाळी दिवस, मूर्ती वाळेनात म्हणून जागोजाग दिवे लावलेले. मंडळाचा गणपती मधोमध बसला होता, रंग झालेला, फक्त चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी पांढरं. मामा त्याच्या पाटाखाली पाचर ठोकत होते. आपाने टेप काढला, उंची मोजली, आणि परत गळ्यात टाकला.

"नाय जाणार," ती म्हणाली. "उभा नाय जाणार. आडवा जाईल."

मामा पाचर टाकून उठले. "आडवा? पाठीवर? बाई, माझ्या आज्यापासून कोणी देव पाठीवर निजवला नाय. ऱ्हाऊ दे तुमचं विमान. मंडळाला सांगा, यंदा फोटो पुजा."

"मी जबान दिलीय मामा."

"मी देवाला दिलीय."

मी पडलो जावई, मी काय बोलणार! मी दिव्याकडे बघत उभा राहिलो. मामा परत खाली बसले, पाचर मारू लागले, पाट हलला, मूर्ती जराशी कलली. मामा ओरडले, "सरळ बस की रे गाढवा!"

आपाने मान वर केली. अगदी हळू म्हणाली, "मामा, मला तुमच्यातलं कळत नाय. चुकलं तर मला बोला. आत्ता तुम्ही कोणाला गाढव बोललात?"

मामा चपापले. मग म्हणाले, "ह्याला. अजून डोळे आखले नायत त्याचे. डोळे आखले की मी अरेतुरे करत नाय. अहोजाहो करतो, पाया पडतो, मग रंगाचा हात पण लावत नाय. भटजी प्राणप्रतिष्ठा करतील ती नंतर. माझ्यापुरता तो डोळे आखले की देव."

"म्हणजे आत्ता?"

"आत्ता..." मामा मूर्तीकडे बघत राहिले.

"आत्ता तुम्ही त्याला गाढव बोलू शकता. मग पाठीवर निजवू शकत नाय?"

शेडमधली सगळी माणसं काम थांबवून ऐकत होती. मामांनी तंबाखूची डबी काढली, न उघडता परत खिशात टाकली. मग म्हणाले, "आणि डोळे कोण आखणार तिकडं? पेणची आखणी म्हणजे काय पोरखेळ हाय?"

"नाय ना," आपा म्हणाली. "म्हणून तुम्ही जायचं."

मामा पनवेलच्या पुढे गेले की आजारी पडणारे. पण त्यांचा पासपोर्ट होता. कधीतरी एका परदेशी प्रदर्शनाला नेणार म्हणून काढलेला, आणि प्रदर्शन रद्द झाल्यावर पेटीत कपड्यांखाली पडलेला. मंडळाने कंपनीकडे धावपळ करून थोड्या दिवसांचा व्हिसा मिळवला, तो माझ्या फॅक्सवर आला. राहिली सीट. आपाने दोन्ही नंबर फिरवले, सवयीने. दोन्हीकडे तोच माणूस, दोन्हीकडे तेच उत्तर. तिकडच्या शाळांच्या सुट्ट्या संपून बायकापोरं परत निघालेली, विमानं लहान, सगळी भरलेली. पूर्वी हिरवीत नाही तर निळीत, कुठेतरी एक सीट तिने खेचून काढली असती. आता खेचायला दुसरं टोकच नव्हतं. मी विचारलं, "काय म्हणतो?" ती म्हणाली, "आशा पण नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बूथमध्ये आली, मुंबईला फोन लावला, थोडंसं बोलली, आणि फोन ठेवून म्हणाली, "पेणला कळव. मामांची सीट हाय."

"कशी काय मिळाली?"

"एक सोडली की त्याच मिनिटाला दुसऱ्याच्या नावावर धरता येते. एजंटाला येतं ते करायला."

"पण कोणी सोडली?"

तिने माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं. माझं डोकंच फिरलं. मी तिच्यावर ओरडलो, आयुष्यात एकदाच. म्हणालो, आपा, एक वर्ष फोटो पुजला असता त्यांनी, काय आभाळ कोसळणार होतं? तुमच्या व्हिशाची मुदत आहे, भाई तिकडे वाट बघतायत, तुमचा ना देव ना सण! ती ऐकून घेत उभी राहिली.

"देव माझा नाय, जबान माझी हाय," ती म्हणाली. "तिथं ती पोरं वर्षभर उन्हात मरतात. त्यांना 'येईल' सांगितलंय मी. मी काय, मी नंतर जाईन. मुदत संपायच्या आत मिळंल एकादी."

"सीट आहे?" मी विचारलं.

"आशा हाय," आपा म्हणाली, आणि गलेफ शिवायला मशीनवर जाऊन बसली. तो गलेफ आता मामांच्या बॅगेला होणार होता.

पेटी तिने स्वतः बांधून घेतली. आत भाताचा पेंढा, जुन्या गोधड्या, सोंडेखाली उशी. मूर्ती निजवताना मामा शेडच्या बाहेर जाऊन उभे राहिले. आपाने सगळ्यांना आधी चपला काढायला लावल्या. कोणी तिला तसं सांगितलं नव्हतं.

गणपती झाले, मामा परत आले, आणि आमच्या घरी बसून त्यांनी जे सांगितलं ते मी अजून विसरलो नाही. विमानाच्या पोटाशी युसुफभाई स्वतः उभे होते. पेटी त्यांनी यंत्राने उतरवू दिली नाही. टोळीतली माणसं लावून हातांवर उतरवली आणि हॉलपर्यंत स्वतः बरोबर चालत गेले. मूर्ती उभी केली, कुठे टवका नाही. संध्याकाळी मामा आखणीला बसले. परका मुलुख, परकं पाणी, दोनदा ब्रश टेकवायला गेले आणि मागे घेतला. युसुफभाईंनी दिवा धरला. आखणी चालू असताना मूर्तीच्या समोर कोणी उभं राहायचं नाही, पहिली नजर कोणावर पडू द्यायची नाही, हा मामांचा दंडक. तो सांगितल्यावर युसुफभाई बाजूला सरकून, हात लांब करून, तसेच उभे राहिले.

एक डोळा झाल्यावर मामा ब्रश धुवायला थांबले. तेव्हा युसुफभाईंनी विचारलं, "मामा, तुम्ही तिला हल्लीच बघितलीत. कशी दिसते आता?"

"मी काय सांगणार?" मामा आम्हाला म्हणाले. "दुसऱ्याची बायको. मी म्हटलं, बऱ्या हायत. हुशार हायत. चष्म्यावरून बघतात तेव्हा जरा भीती वाटते."

"चष्मा?" युसुफभाई म्हणाले होते. "चष्मा कधी लागला तिला?"

दीड-दोन वर्षांपूर्वी लागला होता. बाजारात सगळ्यांना ठाऊक. फक्त कॅसेटीत तिने तेवढं कधी सांगितलं नव्हतं. मामा म्हणाले की त्यानंतरही त्या माणसाने दिव्याचा हात काही हलू दिला नाही. दुसरा डोळा पहिल्यापेक्षा चांगला आला. "हे तिला सांगू नका," मामांनी आम्हाला बजावलं. "बाईमाणसाला वाईट वाटंल." आम्ही सांगितलं नाही.

आपाला सीट मिळाली नाही. व्हिशाची मुदत संपली आणि नवीन व्हिसा द्यायला तिकडे कोणी तयार नव्हतं, कारण तिकडे वेगळंच सुरू झालं होतं. दोन कंपन्यांच्या चढउताराच्या दोन टोळ्या. आता विमानं कमी, माल कमी. दोन टोळ्यांची एक केली आणि निळीच्या जुन्या माणसांना हिशेब करून घरी पाठवायचं ठरवलं. त्यात युसुफभाई. इकडे नव्या कंपनीने लहान गावातल्या एजन्सी बंद केल्या, त्यात आपा. पाटी तिने स्वतःच स्टुलावर चढून काढली. मला रडू येत होतं आणि ती खिळे जपून ठेवत होती, परत उपयोगी पडतील म्हणून. कितीतरी दिवस लोक मुंबईच्या एजंटाकडे जायच्या आधी तिच्याकडे येत, ती त्यांना काय विचारायचं ते पढवून पाठवे. कोणी म्हणालं, "आपा, कंपनीनं तुमचं वाईट केलं," तर ती म्हणे, "कंपनीला आपण कोण ते ठाऊक तरी हाय का? राग धरायला पण वळख लागते."

युसुफभाई आल्यावर थोड्याच दिवसांत ते दोघं खांब गावातल्या त्यांच्या घरी राहायला गेले. माझाही बूथ पुढे चालेनासा झाला, मी नोकरीला लागलो, भेटी राहूनच गेल्या. त्यामुळे आपा म्हटलं की मला दिसते ती शेवटची, सहारच्या विमानतळावरची.

युसुफभाईंना आणायला आम्ही जीप करून गेलो होतो. दुपार होती. बाहेर लोखंडी कठड्याला माणसं चिकटून उभी. आपाने सगळ्यात चांगला सलवार-कमीज घातला होता. कुठलं विमान कधी उतरलं, सामान यायला किती वेळ लागेल, हे ती आजूबाजूच्या अनोळखी लोकांना समजावून सांगत होती, आणि लोक तिचं ऐकत होते. पाटीवर विमान उतरल्याचं दिसलं तशी ती बोलायची थांबली. ओढणी सारखी केली. मग चष्मा काढला, रुमालात गुंडाळला आणि पर्सच्या तळाशी ठेवून दिला. मी दुसरीकडे बघितलं.

माणसं बाहेर येऊ लागली. ढकलगाड्या, खोकी, रडारड. आपा पायांच्या चवड्यांवर उभी राहून डोळे बारीक करून बघत होती. एका उंच माणसाकडे तिची नजर लागली, तिचा हातही अर्धा वर गेला, पण तो दुसऱ्याच कोणाच्या तरी गळ्यात पडला. इतक्यात युसुफभाई मला दिसले. केस पांढरे झालेले, हातात एकच बॅग. ते सरळ आमच्या दिशेने चालत आले, कठड्यापाशी, तिच्या अगदी समोर येऊन थांबले. आपा अजून त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, दाराकडे बघत होती.

ते तिच्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चष्मा घाल गो मेहरुन. मी इकडं हाय."